बारदान वजा जाता

मावसबहिणीच्या लग्नातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मिरजेचं कार्यालय, वैशाखातली दुपार, दुसरी पंगत. माझ्या शेजारी मामा बसला होता. जिलबी-मठ्ठा म्हटलं की आमच्या घरात आजही मामाचंच नाव निघतं. त्या दिवशी वाढपी जिलबीचं ताट घेऊन पुढ्यात आला, तर मामानं पानावर आडवा हात धरला. "भूकच न्हाई बघ," एवढंच म्हणाला आणि आधी वाढलेली एकुलती जिलबीही उचलून माझ्या पानात ठेवली. समोरच्या पंगतीतून आमचे एक लांबचे काका ओरडले, "काय रे, झकास बारीक झालास की! पळायला-बिळायला लागलास काय?" सगळे हसले. मामाही हसला. त्याच्या पँटचा पट्टा नव्या भोकात अडकवलेला होता. खिळा तापवून घरीच पाडलेलं भोक, कडा जळून काळ्या पडलेल्या. पन्नाशी ओलांडलेला माणूस पोट उतरवून आला की आपल्याकडे त्याचं कौतुक होतं. त्या दुपारी कितीतरी जणांनी मामाच्या पाठीवर थाप मारली.

थाप मारताना एकाच्याही हाताला बरगड्या लागल्या नसतील?

मामा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार. हळदीच्या हंगामात त्याच्या घरी गेलं की उंबऱ्यावरच तो वास गाठायचा, उन्हात तापलेला, मातकट, घशाशी जरासा कडवट होणारा. सदऱ्याला तोच वास, पिशवीला तोच, उशीच्या अभ्र्यालासुद्धा तोच. नखं बारा महिने पिवळी. पोत्याचे दोन कान धरून किंचित हलवलं की तो वजन सांगायचा, आणि मग काटा त्याच्या आसपासचाच आकडा दाखवायचा. आम्हा भाचरांनाही तो दर मे महिन्यात काखेत धरून उचलायचा आणि सगळ्यांसमोर निकाल द्यायचा, "औंदा दोन किलो वाढली." न वाढलेल्या पोराची धडगत नसायची, कारण मग आजी तूप घेऊन त्याच्या मागे लागायची. त्या घरात माणसाची पारख जेवणावरून व्हायची. मामाचं जेवण म्हणजे ज्वारीच्या जाड भाकऱ्या, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि संध्याकाळी यार्डातून आल्यावर परातभर भडंग, त्यात शेंगदाणे वेचून वेचून खायचे. आजी लोकांना सांगायची, "माझ्या लेकाच्या पोटात अग्नी हाय." सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा, जसा इतर आया मुलाचे मार्क सांगताना होतो.

आजाराची सुरुवात उजव्या अंगठ्यापासून झाली. काट्याची पावती लिहिताना पेन निसटायला लागलं. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसाचा उंचवटा बसत गेला. दंडावरची कातडी आतून कुणी टिचक्या मारतंय अशी उडायची. मग हाडांचे डॉक्टर, मानेचा एमआरआय, "मणक्यात गॅप आहे", गळ्याला पट्टा, शेवटी न्यूरोलॉजिस्ट आणि ती सुया टोचून करायची तपासणी. मोटर न्यूरॉन डिसीज. एमएनडी. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात, असा आजार. मामा तेव्हा ५४ वर्षांचा होता. हा म्हातारपणचा आजार असं बाहेरची पुस्तकं वाचून वाटतं, पण बंगळुरूच्या निम्हान्सनं तीस वर्षांतल्या ११५३ रुग्णांच्या नोंदी २००८ मध्ये मांडल्या, त्यात आजार सुरू होण्याचं सरासरी वय ४६ च्या घरात निघालं. म्हणजे आपल्याकडे ऐन कर्त्या वयात, मुलांची लग्नं व्हायची असताना तो गाठतो.

निदानाचं पुढे काय झालं ते इथे सांगत बसत नाही. हातापायांचं काय होतं, आवाजाचं काय होतं, हे या आजाराबद्दल ऐकलेल्या कुणालाही साधारण ठाऊक असतं. मला सांगायचंय ते भुकेबद्दल आणि वजनाबद्दल, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त गैरसमज, सगळ्यात जास्त भांडणं आणि सगळ्यात जास्त रडारड झाली ती ताटावरून.

निदान झालं तेव्हा मामाला गिळायला काहीच त्रास नव्हता. भाकरी खायचा, पाणी घटाघट प्यायचा. तरीही ७८ किलोचा माणूस ७१ वर आला होता. घरात प्रत्येकाचा तर्क वेगळा. साखर तपासून झाली, थायरॉइड झालं, जंताचं औषध देऊन झालं. मग सगळ्यांचं ज्यावर एकमत झालं ते म्हणजे "मनाला लावून घेतलंय." आपल्याकडे न जेवणाऱ्या माणसाचं निदान नेहमी मनापाशी येऊन थांबतं. अन्नावर राग काढतोय, हाय खाल्लीय, जिद्द सोडली. मामी बिचारी दिवसभर काही ना काही करत राहायची. थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, शिरा, सुधारस. ताट समोर ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "माझ्यासाठी एक घास." मामा तो घास घ्यायचा. पुढचा घास मुलाच्या नावाचा, त्यापुढचा नातवाच्या नावाचा. लहान बाळाला काऊचा-चिऊचा घास भरवतात तसं हे पन्नास पोती उतरवून घेणाऱ्या माणसाला भरवणं चालायचं, आणि तो मान खाली घालून चघळत राहायचा. एकदा मामी आत गेल्यावर मला हळूच म्हणाला, "तिला वाटतंय मी रुसलोय. मला खरंच काय वाटतच न्हाई गं. पोट रिकामं हाय हे कळतंय, पण खावं असं वाटत न्हाई."

रिकामं पोट आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे एका आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं, आणि त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. स्नायू झडले की शरीराची गरज कमी व्हायला हवी, असं आपलं साधं गणित. या आजारात पुष्कळांच्या बाबतीत ते उलटं होतं. नुसतं पडून असतानाही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा जास्त उष्मांक जाळतं, सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास जास्त. वेगवेगळ्या अभ्यासांत प्रमाण कमीजास्त येतं, पण ढोबळमानानं निम्म्या रुग्णांत हे दिसतं. त्याचं पक्कं कारण अजून उलगडलेलं नाही. सतत उडणारे स्नायू, श्वासासाठी करावी लागणारी जास्तीची मेहनत, पेशींमध्ये ऊर्जा तयार होण्यातलाच बिघाड, अशी बरीच नावं घेतली जातात. दुसरीकडे मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, भूक-तहान-वजन यांचा हिशेब ठेवणारा. जर्मनीतल्या उल्म शहरातल्या संशोधकांनी एमआरआय करून पाहिलं, तर या रुग्णांत तो भाग आकसलेला दिसला. म्हणजे खर्च वाढलेला, आणि "आणखी हवंय" असं सांगणारी यंत्रणाच मंदावलेली. वजनाची उतरण हातापायांची लक्षणं दिसायच्या कितीतरी आधी सुरू झालेली असू शकते, हेही याच मंडळींच्या नोंदींतून पुढे आलं.

हे वाचताना मला ती जिलबी आठवली. लग्न निदानाच्या बरंच आधी झालेलं. अंगठा तेव्हा ठणठणीत होता, पेन हातात बसत होतं. आजार त्या पंगतीत आमच्या शेजारी पान मांडून बसला होता आणि सगळे त्याला डाएट म्हणत होते.

मी हे सगळं मामीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताला चव न्हाई असं नव्हं." इतके महिने ती हे मनात घेऊन स्वयंपाक करत होती. मला तिचा राग आला नाही, कीव आली नाही, पण पोटात काहीतरी तुटलं. आपल्या बायकांनी आयुष्यभर अन्नातूनच सगळं बोलायचं ठरवलं, आणि तेच बोलणं ऐकू जायचं बंद झालं तर त्यांनी काय करावं? त्या दिवसापासून घरात एक बदल झाला. "भूक आहे का?" हा प्रश्न बंद. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे खायचं. सात, दहा, एक, चार, सहा, नऊ. थोडं थोडं, पण प्रत्येक घासात जितका दम भरता येईल तितका भरायचा. औषध घेतो तसं. मामाला हे पटलं, कारण त्यात कुणाच्या नावाचा घास नव्हता.

तुपाचा किस्सा इथे सांगायलाच हवा. चाळिशीनंतर मामाचं कोलेस्टेरॉल वाढलं, तेव्हापासून घरातलं तूप देवापुढच्या निरांजनापुरतं उरलं होतं. साय काढलेलं दूध, तेल मोजून, खोबरं नाही. दहा-बारा वर्षं मामी त्या नियमाला देवधर्मासारखी सांभाळत आलेली. आणि आता आहारतज्ज्ञ म्हणाल्या, तूप घाला, साय घाला, काजू-बदामाची पूड घाला, वजन टिकवणं सगळ्यात आधी. मामी त्यांच्याकडे बघतच राहिली. घरी आल्यावर मुलाला म्हणाली, "परत फोन करून विचार. ऐकण्यात चूक झाली असंल." चूक नव्हती. लिमोज या फ्रान्समधल्या शहरातल्या डॉक्टरांनी २०११ साली दाखवून दिलं होतं की निदानाच्या वेळी नेहमीच्या वजनात दर ५ टक्क्यांची घट असेल तर मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला दिसतो. चरबी जास्त खाल्ल्यानं आजार थांबतो का, याचीही परीक्षा झाली. उल्मच्याच पुढाकारानं झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०१ रुग्ण होते. अर्ध्यांना रोज ४०५ उष्मांकांचं चरबीयुक्त पेय जादा दिलं. सगळे मिळून पाहिलं तर आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. ज्यांचा आजार झपाट्यानं वाढत होता त्यांच्यात मात्र फायद्याची खूण दिसली. म्हणजे तुपानं बरं होत नाही. पण घसरण थोडी आवरत असेल तर निरांजनातलं तूप वाटीत यायला काय हरकत आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. अर्थात मधुमेह किंवा हृदयविकार असेल त्या घरात हे डॉक्टरांना विचारूनच.

पुण्यात एका रुग्णालयाच्या बाकावर नंबराची वाट बघत असताना एक बाई भेटल्या, त्यांची तर वेगळीच कथा. त्यांच्या यजमानांना हाच आजार, पण वजन वाढलेलं. "यांना गोडाचं वेड लागलंय," त्या म्हणाल्या. पूर्वी गोडाला शिवायचे नाहीत. आता बुंदीचे लाडू लपवून ठेवावे लागतात, एक तोंडात असतानाच दुसरा कोंबतात, ठसका लागतो तरी थांबत नाहीत, आणि अडवलं तर हात उगारतात. बोलताना त्या आजूबाजूला बघत होत्या, कुणी ऐकत तर नाही ना. त्यांना वाटत होतं माणूस हावरट झाला, आजारपणात स्वभावच बिघडला. आत गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण दहा-पंधरा टक्के रुग्णांत मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडच्या भागालाही हा आजार गाठतो, त्यातून एक प्रकारचा स्मृतिभ्रंश येतो, आणि गोडाची न आवरणारी ओढ हे त्याचं ओळखीचं लक्षण आहे. सौम्य बदल तर जवळपास निम्म्या रुग्णांत आढळतात. एका घरात भूक मेली म्हणून माणसाला "हट्टी" म्हणतात, दुसऱ्या घरात भूक उधळली म्हणून "हावरट". दोन्ही घरांत दोष माणसाच्या माथी, आणि आजार नामानिराळा.

वर्षभरात मामाच्या जिभेला कंप सुटला. बोलणं जड झालं. पहिलं गेलं ते भडंग. कोरडं, हलकं, तोंडात पसरणारं, एकेक दाणा वेगळ्या दिशेला जाणारं; घशाच्या स्नायूंना ते गोळा करता येईना. सांगलीत राहून भडंग बंद, हे काय असतं ते सांगलीकरालाच कळेल. मग भाकरी गेली. पोहे गेले. मला वाटायचं पातळ पदार्थ सोपे असतील, पण साधं पाणी सगळ्यात अवघड ठरलं. पाणी पटकन धावतं, श्वासनलिकेचं झाकण मिटायच्या आत तिकडे निघतं. चहाचा घोट घेतला की मामा लालबुंद होईपर्यंत खोकायचा. मऊसूत, एकजीव, दाटसर असं काहीतरी हवं. मामीनं मग आपली सगळी विद्या पणाला लावली. गुरगुट्या भात मेतकूट-तूप घालून पुरणयंत्रातून काढलेला. नाचणीची दाट आंबील. भोपळ्याचं भरीत दह्याऐवजी सायीत कालवलेलं. पिकलेलं केळं. आणि नरसोबावाडीची बासुंदी! चारोळी-बदामाचे तुकडे गाळून घेतले की ती दाट, गुळगुळीत, उष्मांकांनी भरलेली, आणि घशाला सोसणारी. दत्ताच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक शेजारी येताना द्रोण घेऊन यायला लागला. हनुवटी छातीकडे झुकवायची, छोटा चमचा, गिळल्यावर कोरडा आवंढा पुन्हा एकदा. मामा शिकला.

पण जेवणाला दीड-दीड तास लागायला लागला. चौथ्या-पाचव्या घासाला जबडा थकायचा. अन्न थंड व्हायचं, तुपाची साय धरायची, ओघळ हनुवटीवर यायचा आणि तो पुसायला स्वतःचा हात वर जायचा नाही. कुणी आलं की तो तोंड मिटून घ्यायचा, पाहुणे जाईपर्यंत उपाशी. लग्नंकार्यं बंदच झाली. ज्या माणसाची पंगतीत वाट बघायचे, तो माणूस भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला. त्यात सकाळी उठल्यावर डोकं जड, अन्नाचा वाससुद्धा नको. ही आणखी एक वाट निघाली. रात्री छातीचा पडदा कमजोर पडून श्वास उथळ होत होता, कार्बन डायऑक्साइड साठत होता, आणि त्यानंही भूक मरते. रात्रीसाठी बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र, सुरू झाल्यावर सकाळची डोकेदुखी गेली आणि न्याहारी दोन घास जास्त जायला लागली. बद्धकोष्ठाचं औषध मिळालं, आणखी दोन घास वाढले. ही अशी चिल्लर जमवणं चालू होतं.

आणि मग नळीचा विषय निघाला. पोटातून थेट जठरात बसवायची फीडिंग ट्यूब. डॉक्टर म्हणाले, श्वासाची ताकद निम्म्याखाली जायच्या आत बसवलेली बरी, नंतर जोखीम वाढते. नातेवाइकांत एकच हलकल्लोळ झाला. "नळी म्हणजे शेवट." "एवढ्यात कशाला? अजून खातोय की." "अन्नाची चव गेली तर जगायचं कशाला?" मामाही तयार नव्हता. त्याचं म्हणणं एकच, मी खातोय, वजन टिकून आहे. खरोखर टिकून होतं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण मामाला आता उभं राहता येत नव्हतं, आणि न उभं राहणाऱ्या माणसाचं वजन करायला आम्ही जात होतो त्या दवाखान्यात सोय नव्हती. कागदावर वजनाच्या रकान्यात दरवेळी जुनाच आकडा उतरवून घेतला जायचा. ज्या आजारात वजन नाडीइतकं महत्त्वाचं, त्यात महिनोन्महिने वजनाशिवाय उपचार चालतात, हे मला आजही पटत नाही. व्हीलचेअरसकट चढवता येईल असा सपाट काटा ही काही फार मोठी चैन नाही.

तोडगा मामानंच काढला. चिरकलेल्या, नाकात जाणाऱ्या आवाजात तो मुलाला म्हणाला, "यार्डात ने मला." लिलाव उरकल्यानंतरची वेळ होती. शेडमध्ये पोत्यांच्या थप्प्या, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत पिवळी धूळ तरंगत होती. हमालांनी त्याला पाहिलं आणि सगळे गोळा झाले. कुणी पाया पडलं, कुणी नुसतंच टोपी काढून उभं राहिलं. दोघांनी खुर्चीसकट मामाला अलगद उचलून काट्यावर ठेवलं. ८३. मग त्याला पोत्यांवर टेकवून बसवलं आणि रिकामी खुर्ची चढवली. १७. "बारदान वजा," मामा म्हणाला. हा शब्द मात्र त्यानं स्पष्ट उच्चारला, आयुष्यभर दिवसातून शंभर वेळा उच्चारलेला होता तो. ६६ किलो. निदानाच्या वेळी ७१. त्यानं डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला. आहारतज्ज्ञ बाईंनी टक्केवारी त्याच्यासमोरच समजावली होती. ब्रिटनमधल्या २४ केंद्रांत ३४५ रुग्णांवर झालेला, २०१५ मध्ये आलेला अभ्यास त्यांनी सांगितला होता: निदानानंतर १० टक्क्यांहून जास्त वजन गमावल्यावर नळी बसवलेल्यांची पुढची वाटचाल तोकडी ठरली, म्हणून ५ टक्क्यांच्या आसपासच विचार करावा. मामाची घट ७ टक्के झाली होती. डॉक्टरांचं, मुलाचं, माझं, कुणाचंच ऐकलं नव्हतं त्यानं. काट्याचं ऐकलं. "बसवू," म्हणाला. सगळं आयुष्य ज्या काट्यावर विश्वास ठेवून दुसऱ्यांचे व्यवहार पुरे केले, त्याच्याशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

नळी बसली. तिची जी भीती होती तिच्यातलं थोडं खरं ठरलं, बरंचसं खोटं. पहिले काही दिवस पोट दुखलं, नळीभोवतीची कातडी लाल झाली, एकदा नाचणी नीट गाळली नाही म्हणून नळी तुंबली आणि मध्यरात्री सगळे जागे. मामी ५० मिलीच्या सिरिंजनं भरवायला शिकली. मामाला उशांवर तिरकं बसवायचं, आधी कोमट पाणी, मग पातळ केलेलं अन्न, मग पुन्हा पाणी. डब्यातली तयार पावडर महाग, म्हणून अर्धं ते आणि अर्धं घरचं, असा बेत आहारतज्ज्ञांनी बसवून दिला. मुख्य म्हणजे तोंडानं खाणं बंद झालं नाही. पोट भरण्याचं ओझं नळीवर गेल्यावर तोंडाला फक्त चवीचं काम उरलं. चमचाभर बासुंदी, बोटाच्या पेरावर मावेल एवढा आमरस, लसणीच्या चटणीचं तेल जिभेला लावलेलं. मामा तेवढं खाताना डोळे मिटून घेतो. दीड तासाची ती लढाई संपली. तो आता भिंतीकडे तोंड करून बसत नाही. वजन ६६-६७ वर धरून राहिलंय. आजार पुढे सरकतोच आहे, खांदे उतरलेत, मान धरवत नाही. वजन धरलं म्हणून तो थांबलेला नाही, आणि थांबेल असं आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. पण भूक लागते का, याचं उत्तर मामा हल्ली कधीकधी "जराशी" असं देतो, आणि त्या एका शब्दानं घरातला आवाज बदलतो. शरीराला पुरेसं मिळायला लागलं म्हणून, की धास्ती गेली म्हणून, मला सांगता येणार नाही.

यार्डात त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली होती. मामाला खुर्चीत बसवल्यावर एका म्हाताऱ्या हमालानं मामीकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण चढा की." ती नको नको म्हणत होती, पदर तोंडाला लावून हसत होती. मुलानं हाताला धरून चढवलं. ४३. माझ्या आठवणीतली मामी पंचावन्नच्या खाली कधी नव्हती. कुणी बोललं नाही. तिला कुठला आजार नव्हता. ती मामाचं उरलेलं खात होती, ओट्याशी उभं राहून, दीड तास त्याला भरवून झाल्यावर थंडगार भाकरीचा तुकडा चहात बुडवून. त्याच्या ताटाकडे बघण्यात आम्हा सगळ्यांची इतकी वर्षं गेली की तिच्या ताटात काय आहे हे पाहायला घरात कुणी उरलंच नव्हतं. माणूस आजारी पडला की त्याच्या वजनाचा कागद तयार होतो. त्याला सांभाळणाऱ्या बाईचा होत नाही.

आता तिला त्याच वेळी जेवायला बसावं लागतं. मामाचा हुकूम आहे. नळीतून त्याचं जेवण सावकाश उतरत असतं आणि शेजारी पाटावर ती ताट घेऊन बसते. तो तिच्या ताटावर नजर ठेवून असतो. परवा मी गेले होते तेव्हा तिनं अर्धी भाकरी मोडून ठेवून दिली. मामानं घशातून आवाज काढून मला जवळ बोलावलं. जे बोलला ते मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. "तिला म्हणावं, सगळी खा. आणि वर तूप घाल." मामी चिडली. "मला भूक न्हाई," म्हणाली. मामानं मान हलवली, आणि डोळ्यांनीच भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवलं. एक वाजला होता. मी तिच्या भाकरीवर तूप वाढलं, ती मला ओरडली, आणि मग खायला लागली.